धर्मसंस्थेचे विद्यापीठ आणि दंतशिक्षण : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

रूट कॅनाल करताना कधी कधी दाताच्या मुळाला आतून भोक पडते. पूर्वी अशा दाताचा निकाल ठरलेला असे. तो काढून टाकायचा. आता एक पूड पाण्यात कालवून त्या भोकावर बसवतात. ओल असली तरी ती पूड घट्ट होते आणि बऱ्याचदा दात वाचतो. दंतवैद्य तिला ‘एमटीए’ म्हणतात. तिचा मुख्य घटक म्हणजे बांधकामातल्या पोर्टलंड सिमेंटचेच शुद्ध रूप. क्ष-किरणांच्या चित्रात ती दिसावी म्हणून तीत बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले असते. नाशिक, सांगली, अकोला, कुठल्याही गावातल्या रूट कॅनाल करणाऱ्या डॉक्टरला ही पूड माहीत असते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला महमूद तोराबीनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात विकसित केली.

हे विद्यापीठ सेवेंथ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत तिथे शब्बाथ पाळतात. आवारात दारू-तंबाखूला जागा नाही. दंतवैद्यक शिकणाऱ्यालाही धर्मविषयाचे तास आणि चॅपलची उपस्थिती चुकत नाही, मग तो कुठल्याही धर्माचा असो. जगभरच्या दवाखान्यांत पोचलेले एक साधन आणि त्याच्या जन्मस्थानी चालणारा हा धर्माचार, यांचा एकमेकांशी संबंध काय? धर्मसंस्थेच्या विद्यापीठात आरोग्यविज्ञान शिकवले जाते तेव्हा श्रद्धेची त्याला मदत होते, तिचा अडथळा होतो, की ती फाटकावरच्या पाटीपुरती उरते?

या प्रश्नावर शतकभर चर्चा चालू आहे आणि ती बहुधा ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ अशा मथळ्याखाली होते. ती चाळताना मला असे दिसले की खरी अडचण त्या मथळ्याखाली फारशी सापडत नाही. ती प्रवेशाच्या यादीत आहे, पैशाच्या हिशेबात आहे, आणि दवाखान्याच्या खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या माणसाजवळ आहे.

दंतशिक्षणच का?

वैद्यकीय महाविद्यालयांबद्दल हाच प्रश्न विचारता येईल, विचारलाही जातो. पण दंतशिक्षणात तो अधिक उघडा पडतो. एमबीबीएसचा विद्यार्थी बराच काळ बघत, लिहून घेत, मोठ्यांच्या मागे फिरत शिकतो. बीडीएसच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षापासून स्वतःच्या हाताने दात काढावे, भरावे लागतात, कवळ्या बसवाव्या लागतात. किती दात काढले, किती भरले, किती कवळ्या केल्या याचा ‘कोटा’ पुरा झाल्याशिवाय त्याला परीक्षेला बसता येत नाही. त्यासाठी रोगी हवेत. बाहेरच्या दवाखान्याचा दर परवडत नाही म्हणून कमी पैशात, जास्त वेळ बसण्याची तयारी ठेवून आलेले हे लोक असतात. म्हणून प्रत्येक दंतमहाविद्यालय एकाच वेळी धर्मादाय दवाखानाही असते आणि कार्यशाळाही. समोरचा माणूस रोगी असतो आणि शिकण्याचे साधनही असतो. सेवेचा शब्द उच्चारणाऱ्या संस्थेची कसोटी इथे रोज लागते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत दंतवैद्यक विद्यापीठाबाहेर वाढले. पहिले दंतमहाविद्यालय १८४० मध्ये बाल्टिमोरला निघाले, ते स्वतंत्र. विद्यापीठाच्या छत्राखालचे पहिले हार्वर्डचे, १८६७ चे. नंतरच्या काळात नफ्यासाठी चालणाऱ्या दंतशाळा बोकाळल्या. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने वैद्यकीय शाळांची झाडाझडती घेतली. दंतशिक्षणासाठी तेच काम विल्यम गाईज यांनी १९२६ च्या अहवालात केले. दंतवैद्यक ही विद्यापीठीय विद्या व्हावी, वैद्यकाच्या तोडीची पण स्वतंत्र असावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा एक परिणाम असा झाला की दंतशिक्षण महागले. प्रयोगशाळा, खुर्च्या, पूर्णवेळ अध्यापक हे सारे आता पाठीशी विद्यापीठ असल्याशिवाय शक्य नव्हते.

ज्या धर्मसंस्थांकडे आधीच विद्यापीठे होती, त्या या क्षेत्रात होत्याच. जेझुइट कॅथलिकांच्या जॉर्जटाऊनमध्ये १९०१ पासून, ओमाहाच्या क्रेटनमध्ये १९०५ पासून दंतशिक्षण सुरू झाले. मिलवॉकीच्या मार्क्वेटकडे १९०७ मध्ये एक चालती दंतशाळा आली, आणि १९३२ मध्ये डेट्रॉईटची भर पडली. ही शहरी विद्यापीठे होती आणि स्थलांतरित कॅथलिक कुटुंबांतल्या मुलांना व्यवसायाची वाट मिळावी हा त्यांचा मोठा हेतू होता.

लोमा लिंडाची कथा वेगळी आहे, कारण ॲडव्हेंटिस्टांच्या लेखी आरोग्य हा धर्माचाच भाग. शरीर हे देवाचे मंदिर, म्हणून दारू-तंबाखू वर्ज्य, मांसाहार टाळलेला बरा, उपचारात पाणी, हवा, विश्रांतीला महत्त्व, ही शिकवण एलन व्हाईट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजवली. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला जॉन हार्वे केलॉग यांनी त्यावर मोठे आरोग्यधाम उभारले आणि १८९५ मध्ये मिशनरी डॉक्टर घडवणारे महाविद्यालयही काढले. पुढे केलॉग आणि पंथ यांच्यात फूट पडली, १९०७ मध्ये ते पंथाबाहेर गेले, आणि ते महाविद्यालय १९१० मध्ये संपले. दरम्यान १९०५ मध्ये पंथाने दक्षिण कॅलिफोर्नियातले, धंद्यात बुडालेले एक हॉटेल सुमारे चाळीस हजार डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षी तिथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. १९०९ मध्ये ‘कॉलेज ऑफ मेडिकल इव्हँजेलिस्ट्स’ला सनद मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत या शाळेकडे वैद्यकीय व्यवसायाने संशयानेच पाहिले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची वरची ‘अ’ श्रेणी मिळायला १९२२ उजाडले.

दंतमहाविद्यालय त्यानंतर तीस वर्षांनी, १९५३ मध्ये निघाले. त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. ॲडव्हेंटिस्ट तरुणांना इतर दंतमहाविद्यालयांत शनिवारचे तास आणि शनिवारच्या परीक्षा आडव्या येत. पंथाच्या दंतवैद्यांनी १९४३ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना बांधली आणि आपले महाविद्यालय हवे असा लकडा लावला. १९५७ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, १९६१ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले. दोन्ही प्रकारांत एक साम्य दिसते. कॅथलिकांचे काय, ॲडव्हेंटिस्टांचे काय, आपल्या मुलांना दुसरीकडे नीट जागा नाही ही जाणीव मुळाशी होती. आजच्या वादात ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

बाजूने काय म्हटले जाते

समर्थकांचा पहिला मुद्दा ‘संपूर्ण माणसा’चा. माणसाला संपूर्ण करणे हे लोमा लिंडाचे ब्रीद आहे. जेझुइट परंपरेत व्यक्तीची समग्र काळजी घेण्याचे तत्त्व आहे. दंतवैद्यक हा हातकामाचा विषय असल्याने त्यात माणूस हरवून फक्त दाढ उरण्याचा धोका मोठा, आणि धर्मविचार तो धोका आठवणीत ठेवतो, असे ते मांडतात. उदाहरण म्हणून नील्स ब्योर्न योर्गेनसेन यांचे नाव येते. लोमा लिंडात शिकवताना त्यांनी शिरेतून शामक औषध देऊन, भीतीने गारठलेल्या रोग्यावर शांतपणे उपचार करण्याची पद्धत घडवली. दंतवैद्यकातल्या या तंत्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. दाताच्या डॉक्टरची भीती ही किती खरी गोष्ट आहे हे ज्याने लहानपणी आईचा पदर धरून ओपीडीच्या बाकावर वाट पाहिली आहे त्याला सांगायला नको. पण ही पद्धत श्रद्धेमुळेच सुचली असे सिद्ध करता येणार नाही. तशीच एमटीए. जी प्रतिभा धर्मसंस्थेच्या विद्यापीठात फुलली ती सरकारी विद्यापीठातही फुलली असती का, याचे उत्तर कोणाकडेच नाही.

दुसरा मुद्दा अधिक भक्कम आहे. धार्मिक आचारामुळे ज्या सवयी लागतात, त्यांचा आरोग्याशी थेट संबंध आहे आणि तो मोजता येतो. लोमा लिंडाच्या संशोधकांनी १९७४ पासून कॅलिफोर्नियातल्या सुमारे ३४ हजार ॲडव्हेंटिस्टांचा दीर्घ अभ्यास केला. राज्यातल्या इतर गोऱ्या लोकांच्या तुलनेत ॲडव्हेंटिस्ट पुरुष सरासरी सुमारे ७.३ वर्षे आणि स्त्रिया सुमारे ४.४ वर्षे अधिक जगतात असे त्यातून निघाले. धूम्रपान सोडवण्याचा पाच दिवसांचा सामूहिक कार्यक्रम १९६० च्या सुमारास याच पंथाच्या एका डॉक्टरने आणि एका धर्मोपदेशकाने मिळून बसवला आणि तो अनेक देशांत गेला. दंतवैद्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण तंबाखूची पहिली खूण डॉक्टरपेक्षा दाताच्या डॉक्टरला आधी दिसते. गालाच्या आतला पांढरा चट्टा, न उघडणारा जबडा, मिश्रीने काळवंडलेल्या हिरड्या, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही डेंटल ओपीडीतले रोजचे दृश्य आहे. तंबाखू सोडा हे सांगणारा स्वतः ती कधीच न शिवणाऱ्या परंपरेतून आलेला असेल तर त्याच्या सांगण्याला वजन येते, असे समर्थक म्हणतात. ते पटण्यासारखे आहे.

आक्षेप

आक्षेपांची एक ओळ शैक्षणिक स्वातंत्र्याची आहे. ॲडव्हेंटिस्ट पंथ बायबलमधली सृष्टीची निर्मिती शब्दशः मानतो. मग तिथे जीवशास्त्र कसे शिकवतात? लोमा लिंडाची भगिनी संस्था असलेल्या ला सिएरा विद्यापीठात २००९ च्या सुमारास, जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती कशी शिकवावी यावरून पंथातच मोठा वाद झाला. त्याआधी १९८४ मध्ये लोमा लिंडाच्या लेनर्ड बेली यांनी ‘बेबी फे’ या नवजात मुलीच्या छातीत बबून माकडाचे हृदय बसवले. ती एकवीस दिवस जगली. माणसाला अधिक जवळचा प्राणी का निवडला नाही असे विचारता, आपण उत्क्रांती मानत नाही, असे बेलींनी सांगितल्याची बातमी तेव्हा गाजली. टीकाकारांसाठी ते मोठे उदाहरण ठरले. त्याच बेलींनी पुढच्याच वर्षापासून मानवी हृदयाचे नवजात बालकांमध्ये यशस्वी रोपण करून त्या शस्त्रक्रियेचा पाया घातला, हेही त्याच नोंदीत वाचायला हवे.

दंतशिक्षणात हा प्रश्न कुठे येतो? अक्कलदाढेपाशी. ती अनेकांना का अडते, काहींना का येतच नाही, याचे जे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत असते ते माणसाचा जबडा पिढ्यानुपिढ्या लहान होत गेल्याच्या कथेवर उभे असते. पण अक्कलदाढ काढायला ती कथा मानावीच लागते असे नाही. दंतमहाविद्यालयांना मान्यता देणारी संस्था सर्वांसाठी एकच, परवान्याची राष्ट्रीय परीक्षा एकच, आणि त्या परीक्षेत धर्मसंस्थेच्या विद्यार्थ्याला सूट नाही. अभ्यासक्रमाच्या पातळीवर हा वाद म्हणूनच बऱ्यापैकी थंडावला आहे असे मला वाटते.

थंडावला नाही तो खुर्चीजवळचा वाद. लोमा लिंडात विद्यार्थी उपचारापूर्वी रोग्याला विचारून त्याच्यासोबत प्रार्थना करू शकतो. समर्थक म्हणतात, सक्ती नाही. नको म्हटले की विषय संपला. आणि घाबरलेल्या अनेकांना तेवढ्याने धीर येतो. विरोधक या विचारण्याकडेच बोट दाखवतात. डोळ्यांवर दिव्याचा झोत, छातीवर रुमाल, उपचार कमी पैशात होणार आहेत याची जाणीव. अशा स्थितीत विद्यार्थ्याला नाही म्हणणे किती जणांना जमेल? ज्याला प्रार्थना हवी आहे आणि ज्याला संकोचाने हो म्हणावे लागते, त्यांच्यातला फरक बाहेरून दिसत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी बराच काळ तोलून पाहिले आहे. हो म्हणणाऱ्या रोग्यांचे मन नंतर कोणी तिऱ्हाईताने नीट विचारले पाहिजे, एवढेच मला ठामपणे म्हणता येते.

यालाच जोडून कायद्याचा एक धागा आहे. अमेरिकेतला १९७२ चा शिक्षणातील लिंगभेदविरोधी कायदा धर्मसंस्थांना त्यांच्या तत्त्वांशी विसंगत ठरणाऱ्या तरतुदींतून सूट देतो. समलिंगी विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्याबाबत ही सूट कुठवर ताणायची हा तिथला आजचा प्रश्न आहे, आणि आरोग्यसेवा शिकवणाऱ्या संस्थांत तो अधिक टोकदार होतो, कारण तिथून बाहेर पडणाऱ्याला सर्वांवर उपचार करायचे असतात.

दार कोणासाठी उघडे

प्रवेशाच्या प्रश्नावर एक कटू प्रकरण नोंदवले पाहिजे. मेथडिस्ट परंपरेच्या एमरी विद्यापीठाने १९४४ मध्ये अटलांटातले एक दंतमहाविद्यालय आपल्यात घेतले. १९४८ ते १९६१ या काळात तिथे शिकलेल्या ज्यू विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६५ टक्के जण नापास झाले किंवा त्यांना वर्ष पुन्हा करावे लागले. तुमच्या हातात कौशल्य नाही, असे त्यांना सांगितले जाई. बरेच जण दुसरीकडे जाऊन उत्तम दंतवैद्य झाले. पण घरी, मित्रांत, आयुष्यभर त्यांनी हे अपयश लपवून ठेवले. त्यांच्यातलेच एक, पेरी ब्रिकमन, यांनी म्हातारपणी कागदपत्रे आणि सोबत्यांच्या मुलाखती जमवल्या. २०१२ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स वॅगनर यांनी या लोकांची जाहीर माफी मागितली.

हे प्रकरण धर्मसंस्थांच्या विरोधातला पुरावा म्हणून मांडले जाते. ते पुरते न्याय्य नाही, कारण ज्यूंविरुद्ध कोटा त्या काळी धर्माशी संबंध नसलेल्या नामांकित विद्यापीठांतही होता. पण दंतशिक्षणाची एक खास दुबळी जागा यातून उघडी पडते. लेखी उत्तराचे गुण पुन्हा तपासता येतात. मेणात कोरलेला दात बरोबर की चूक हे शिक्षकाची नजर ठरवते. ती नजर कलुषित असेल तर विद्यार्थ्याला दाद मागायला जागा नसते. मौखिक आणि प्रात्यक्षिक परीक्षेचे हे दुखणे आपल्या विद्यार्थ्यांनाही चांगले ठाऊक आहे.

पैसा

श्रद्धेची आणि ताळेबंदाची गाठ पडली की काय होते, याचे मोठे उदाहरण ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात घडले. दैवी उपचारांच्या सभांमुळे प्रसिद्ध झालेले धर्मोपदेशक ओरल रॉबर्ट्स यांनी आपल्या विद्यापीठात १९७८ मध्ये वैद्यकीय आणि दंत अशी दोन्ही महाविद्यालये काढली. प्रार्थना आणि वैद्यक यांना एकत्र आणायचे हा त्यांचा ध्यास होता. १९८१ मध्ये ‘सिटी ऑफ फेथ’ हे प्रचंड वैद्यकीय संकुल उघडले. त्याचा सर्वांत उंच मनोरा साठ मजली होता. शहरातल्या रुग्णालयांनी, इथे खाटा आधीच जास्त आहेत, म्हणून विरोध केला होता. रोगी पुरेसे आलेच नाहीत. दंतमहाविद्यालय १९८६ मध्ये बंद झाले, संकुल १९८९ मध्ये. १९८७ मध्ये रॉबर्ट्स यांनी वैद्यकीय मिशनरींच्या शिष्यवृत्त्यांसाठी ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला बोलावून घेईल असे जाहीर केले आणि त्यावरून देशभर गदारोळ झाला.

पण तो सारा दोष श्रद्धेच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. त्याच लाटेत एमरीचे पदवी-शिक्षण थांबले, १९९० मध्ये जॉर्जटाऊनचे, १९९३ मध्ये शिकागोच्या लोयोलाचे दंतमहाविद्यालय बंद पडले, आणि धर्माशी संबंध नसलेली फेअरले डिकिन्सन, सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी आणि २००१ मध्ये नॉर्थवेस्टर्न ही नावेही त्या यादीत गेली. फ्लोराइडमुळे दातांची कीड कमी झालेली, अर्ज घटलेले, सरकारी मदत आटलेली, आणि दवाखाना चालवण्याचा खर्च मात्र चढाच. खासगी विद्यापीठांना हे ओझे पेलेना. क्रेटन, मार्क्वेट, डेट्रॉईट टिकली. मार्क्वेट हे विस्कॉन्सिन राज्यातले एकमेव दंतमहाविद्यालय; राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या फीला राज्यसरकार हातभार लावते. कॅथलिक संस्थेला जनतेचा पैसा द्यावा का हा प्रश्न १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नंतर वारे पुन्हा फिरले. ज्यू परंपरेच्या टूरो विद्यापीठाने २०१६ मध्ये, मेथडिस्ट मुळाच्या हाय पॉइंट विद्यापीठाने २०२४ मध्ये नवी दंतमहाविद्यालये सुरू केली.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र अवघड आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेताना ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते, त्यांचे सरासरी कर्ज तीन लाख डॉलरच्या घरात होते. एवढे ओझे घेऊन कोण खेड्यात जाईल, कोण आफ्रिकेतल्या मिशन दवाखान्यात? ॲडव्हेंटिस्ट चर्चने यावर एक वाट काढली आहे. शिकत असतानाच जो परदेशातल्या मिशन दवाखान्यात काम करण्याचे वचन देतो त्याचे शिक्षणकर्ज, तो तिथे सेवेत असेपर्यंत, चर्च फेडत जाते. सेवाभावाचे भाषण देण्यापेक्षा हा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. दर वर्षी विद्यार्थ्यांचे जे छोटे सेवादौरे निघतात त्यांच्याबद्दल मात्र मतभेद आहेत. आठवडाभरात शेकडो दात काढून गट परततो. नंतर ज्याची जखम चिघळली त्याला कोण पाहते, आणि आपल्या देशात ज्या कामाची परवानगी नाही ते विद्यार्थ्याने परक्या गरिबावर करून पाहावे का, हे प्रश्न आता मिशनच्या आतूनही विचारले जातात.

आपल्याकडे

महाराष्ट्राला या परंपरेची ओळख जुनी आहे. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. वॉनलेसवाडी हे नाव आजही त्यांची आठवण देते. १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा त्याचे रुग्णालयीन शिक्षण मिशनच्या त्याच रुग्णालयाच्या आधाराने उभे राहिले. ॲडव्हेंटिस्टांचे शिक्षणकेंद्रही पुण्यात आहे. १९१५ मध्ये कोइमतूरला निघालेली स्पायसर संस्था १९४२ पासून पुण्यात आहे आणि २०१४ मध्ये ती विद्यापीठ झाली. दंतमहाविद्यालय मात्र तिथे नाही.

भारतात प्रश्नाचे रूपच बदलते. आपल्याकडे धर्मसंस्थेचे दंतमहाविद्यालय म्हणजे बहुधा अल्पसंख्याक समाजाच्या न्यासाने चालवलेले, एखाद्या विद्यापीठाला संलग्न महाविद्यालय. महाराष्ट्रात ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले असते. पेपर सगळ्यांना एकच. धर्माचे अस्तित्व व्यवस्थापनात आणि जागांच्या वाटपात दिसते, आणि म्हणून आपला वाद चॅपलपेक्षा न्यायालयात जास्त झाला. त्यातला एक मैलाचा दगड पुण्याचा आहे. पुण्यातल्या मुस्लिम शिक्षणसंस्थांचे धुरीण पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २००५ मध्ये निकाल दिला : विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांवर, अल्पसंख्याक असोत वा नसोत, राज्याला आपला कोटा किंवा आरक्षण लादता येणार नाही; मात्र कॅपिटेशन फी चालणार नाही आणि प्रवेश पारदर्शक हवेत. त्याच्या पाठोपाठ त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती झाली. खासगी संस्थांत आरक्षणाची वाट मोकळी झाली, पण अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले गेले. हे वगळणे कोणाला संरक्षण वाटते, कोणाला पळवाट.

पुढचा टप्पा ‘नीट’चा, म्हणजे वैद्यकीय आणि दंत प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची स्वतःची निवडपद्धत दशकानुदशके चालत आली होती. लेखी परीक्षेनंतर उमेदवारांना काही दिवस बोलावून त्यांचा स्वभाव, इतरांसोबत काम करण्याची तयारी पाहायची, आणि शिक्षणानंतर मिशन रुग्णालयात ठरावीक काळ सेवेचे बंधन घ्यायचे. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याच खटल्यात नीट रद्द ठरवली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला. २०१७ मध्ये आपली पद्धत वापरता येत नाही म्हणून कॉलेजने एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी एकच भरली. २९ एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने अंतिम निकाल दिला : नीट अल्पसंख्याक आणि विनाअनुदानित वैद्यकीय व दंत महाविद्यालयांनाही लागू आहे, त्याने त्यांच्या घटनादत्त हक्काचा भंग होत नाही. निकालामागची चिंता खरी होती. देणग्या, विकलेल्या जागा, संशयास्पद खासगी परीक्षा यांनी पालकांना वर्षानुवर्षे पिळले आहे. वेल्लोरचा आक्षेपही खरा होता. गुणांच्या यादीवरून कोण हुशार ते कळते. आदिवासी भागातल्या पन्नास खाटांच्या रुग्णालयात कोण टिकेल ते कळत नाही.

जे अजून सुटलेले नाही

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची. धर्मसंस्थेच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले दंतवैद्य खरोखरच गरिबांकडे अधिक जातात का? गेले, तरी ते संस्थेने घडवले म्हणून गेले, की मुळातच तशा ओढीची मुले तिथे प्रवेश घेतात म्हणून? दोन्ही शक्यता वेगळ्या करणारा अभ्यास करणे अवघड आहे, कारण त्यासाठी पदवीधरांचा दहा-वीस वर्षे माग ठेवावा लागतो. आपल्याकडे तर कुठल्याच दंतमहाविद्यालयाचे विद्यार्थी पुढे कुठे गेले याची लोकांना वाचता येईल अशी नोंद सहज मिळत नाही. तिच्याशिवाय सेवेचा दावा मान्यही करता येत नाही आणि खोडताही येत नाही.

दुसरा प्रश्न निवडीचा. नीटच्या गुणांची शिस्त ठेवून, पैशाला वाव न देता, सेवेच्या तयारीला वजन देणारी पद्धत आखता येईल का? सेवेचे बंधपत्र हा एक तुकडा आहे. पण पैसे भरून बंधपत्रातून सुटण्याची सोय असते तोवर तो अर्धाच राहतो.

तिसरा प्रश्न चर्चेत फार कमी येतो, आणि माझ्या मते तो सर्वांत जवळचा आहे. एवढा वेळ आपण संस्थेच्या धर्माबद्दल बोललो. खुर्चीवर बसणारा रोगी स्वतःचा धर्म घेऊन येतो. रोज्याच्या महिन्यात पाण्याचा फवारा तोंडात घेऊ की नको, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने गुळण्या केल्या तर चालेल का, पर्युषणातल्या उपवासात गोळी घ्यायची कशी, असे प्रश्न ओपीडीत नित्याचे आहेत. त्याहून गंभीर गोष्ट हाडाची. हिरडीच्या रोगात किंवा इम्प्लांटसाठी झिजलेले हाड भरून काढायला जी भुकटी वापरतात ती पुष्कळदा गाईच्या हाडापासून केलेली असते, आणि तिच्यावर पांघरायचा पडदा कधी डुकराच्या कोलॅजेनचा असतो. प्राण्याचा अंश नसलेले पर्यायही बाजारात आहेत. तरी संमतीपत्रावर बहुधा ‘बोन ग्राफ्ट’ एवढेच लिहिलेले असते. हे हाड कुठून आले हे हिंदू, मुस्लिम किंवा जैन रोग्याला आधी, त्याच्या भाषेत सांगावे, हे धर्मसंस्थेच्या महाविद्यालयात शिकवले जाते का, सरकारी महाविद्यालयात शिकवले जाते का? पुण्यामुंबईच्या दवाखान्यांत ती सही इंग्रजी कागदावर घेतली जाते, आणि रोग्याच्या तोंडात तेव्हा आधीच कापूस असतो.